गाढवीची जागा

१९ नोव्हेंबर १९१८

मिशनचे साहेब आज येऊन गेले. घोड्यावरून उतरण्याआधीच त्यांनी विचारलं, "बद्रीनाथ मास्तर, तुमची पत्नी बोलती झाली काय?" मी म्हणालो, अजून नाही. ते आत जाऊन अंजनासमोर बसले आणि लहान पोराला विचारावं तसं विचारू लागले. जेवलात का, झोप लागते का, मी कोण ते सांगा बरं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ज्वारी निवडायला सुरुवात केली.

जाताना साहेबांनी मला निंबाखाली नेलं. "नाताळापर्यंत वाट पाहू. पंचवीस तारखेला मी उपासनेसाठी इकडे येणारच आहे. तोवर ती बोलली नाही, तर माझ्या बैलांच्या दमणीतून तिला वेड्यांच्या इस्पितळात पोहोचवू. तिथे चांगली सोय असते." साहेब वाईट मनुष्य नव्हे. पण ते गेल्यावर मी शाळेला लवकर सुट्टी दिली, हे इथे लिहायला हरकत नाही. अंजना वेडी नाही. स्वयंपाक करते, शाळा झाडते, माझ्या सदऱ्याची बटणं लावते. फक्त बोलत नाही आणि हसत नाही.

ही सगळी त्या मानमोडीच्या तापाची करणी. ऑक्टोबरात लिंबागणेशापासून चौसाळ्यापर्यंत तापाने एक घर सोडलं नाही. आमची मुलगी गेली तेव्हा अंजनाही तापात होती, तशीच उठून ती पुरायच्या खाचेपर्यंत आली. मूठमाती देताना ती गळा काढणार, एवढ्यात मी तिचा दंड धरून म्हणालो की ज्यांना पुनरुत्थानाची आशा आहे, त्यांनी परक्यांसारखं रडू नये. सगळी मंडळी बघत होती. मास्तराच्याच घरात असं चाललं तर बाकीच्यांनी काय शिकायचं? तिने ऐकलं आणि तोंड मिटलं. खाच खणणारा सटवा मात्र माझ्यादेखत ओक्साबोक्शी रडला. त्याला कोण आवरणार! त्या दिवसापासून तापाने अंजनाची वाचा नेली. पुढे लवकरच सटवाही त्याच तापात गेला.

२१ नोव्हेंबर

युक्ती सुचली. आधीच कशी सुचली नाही, याचं नवल वाटतं.

गेल्या नाताळात आम्ही माझा 'बलामाची गाढवी' हा फार्स केला होता. गोष्ट शास्त्रातलीच आहे, गणनेच्या पुस्तकात. बलाम नावाचा भगत राजाच्या बोलावण्यावरून गाढवीवर बसून निघतो. वाटेत देवाचा दूत तलवार उपसून उभा असतो. तो गाढवीला दिसतो, बलामाला दिसत नाही. गाढवी अडते, बलाम तिला बडवतो, आणि तीनदा मार खाल्ल्यावर गाढवी माणसासारखी बोलू लागते. पुढे हाच बलाम 'याकोबातून तारा निघेल' असं भाकीत करतो, म्हणजे नाताळाशी संबंध आला. हा सांधा मी जुळवला. साहेबांनाही तो सुचला नव्हता.

त्या दिवशी अंजना इतकी हसली होती की तिला ठसका लागला. मांडीवरची पोरगी दचकून रडायला लागली तरी हिचं हसणं थांबेना. गाढवी सटवाने केली होती. अर्थात विनोद माझे होते. सटवा पदरचं फार घालायचा, त्यावरून आमची रोज भांडणं व्हायची. गाढवीने मालकाजवळ तंबाखू मागावी, हे माझ्या वहीत कुठे आहे? लोक मात्र नेमके तिथेच हसले. असो.

तोच फार्स पुन्हा बसवायचा. हसली तर बोलेलही.

२५ नोव्हेंबर

बलाम करायला म्हाळू तयार आहे. तो सटवाचा चुलतभाऊ, अंगाने आडवा आणि आवाजाने मोठा. देवदूत म्हणजे आमचे म्हातारे पंच धोंडीराम, लाकडी तलवारीसह. गाढवी करायला मात्र कोणीच तयार नाही. मी दोघा-तिघांना विचारलं, सगळे हात जोडून मागे सरले.

शेवटी धोंडीराम म्हणाले, "मास्तर, सोंग घरचं ऱ्हातंय. सोंगाड्या गेला तर वरीसभर त्येची जागा राखायची. तितं दुसऱ्यानं उभं ऱ्हायाचं न्हाई." बाप्तिस्म्याआधी यांचा सोंगांचा मेळा होता, गावोगाव जत्रांना जायचा. तिथलं हे खूळ.

"मग तालीम कशी करायची?"

"जागा सोडून. म्हाळू त्येचं बोलंल, थांबंल, फुडचं बोलंल. आमी असंच करत आलोत."

हे अज्ञान आहे, हे मी त्यांना शास्त्राच्या आधारे पटवून दिलं. त्यांनी मान डोलावली आणि तलवार पुसायला घेतली. वेळ थोडा आहे. तालीम सुरू करू, गाढवी मिळेल कुठूनतरी.

२८ नोव्हेंबर

शाळेच्या ओसरीवर पहिली तालीम झाली. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात वही घेऊन बसलो, विसरणाऱ्याला वाक्य पुरवायला. दिवस मावळायच्या आत उरकलं.

मोकळ्या हवेला काठी मारणारा म्हाळू पाहून कोणालाही हसू यावं, पण मला आलं नाही. तो म्हणाला, "ऊठ गं, चौसाळ्याचा बाजार मोडायला आला!" आणि थांबला. गाढवीचं उत्तर मी कोपऱ्यातून वाचायला लागलो तर त्याने हात वर केला. "तुमी बोलू नका मास्तर. मदी मदी येतं."

"कशाच्या मध्ये येतं?"

त्याने डोकं खाजवलं. "तसं न्हाई. पर जागा हाय न्हवं? थांबावं लागतंय."

अंजना आपण होऊन खांबापाशी येऊन बसली. महिनाभरात ती अशी घराबाहेर येऊन बसली नव्हती. ती रिकाम्या जागेकडे पाहत होती. मला फार बरं वाटलं.

३ डिसेंबर

ती हसली! प्रभूचे उपकार. मोठ्याने नव्हे, पण आवाज निघाला. मी वहीआड तोंड लपवून रडलो.

आता जरा चमत्कारिक गोष्ट लिहून ठेवतो. म्हाळूने दुसरी काठी मारली, थांबला, आणि मग पोट धरून हसायला लागला. धोंडीरामही हसले. पण अंजना या दोघांच्या आधी हसली. आणि त्या ठिकाणी माझ्या वहीत विनोद नाही. तिथे गाढवी नुसती "मालक, पुढे वाट नाही" एवढंच म्हणते. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. त्यात हसण्यासारखं काही नाही.

म्हाळूला विचारलं, "काय ऐकू आलं रे तुला?"

"काय बी न्हाई."

"मग हसलास कशाला?"

"हसू आलं," तो म्हणाला आणि जरा घाबरल्यासारखा झाला. "का वो मास्तर? हसू ने काय?"

मला त्याचा रागच आला. वर्षभर खपून लिहिलेल्या वाक्यांना ही माणसं हूं की चूं करत नाहीत, आणि न लिहिलेल्याला लोळतात.

६ डिसेंबर

अंजना रोज येते. तालमीची वेळ झाली की हातातलं काम टाकून निघते. आज तिने वेणी घातली होती.

बसल्या बसल्या ती पदराआड तोंड लपवते, थोडं थांबते, आणि पटकन पदर काढते. पुन्हा लपवते, पुन्हा काढते. गावातल्या माणसांची लाज वाटत असावी. बोर्डिंगात वाढलेली बाई, सवय नाही. मी म्हणालो, लाजू नकोस, सगळी आपलीच माणसं आहेत. तिने माझ्याकडे लक्षही दिलं नाही.

उठताना तिने ओसरीच्या कडेला गुळाचा खडा ठेवला. नटमंडळींसाठी असेल म्हणून मी म्हाळूला खा म्हणालो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." सकाळी शाळा उघडली तेव्हा गूळ नव्हता. मुंग्यांनी नेला म्हणावा, तर मुंग्या कुठे दिसल्या नाहीत.

१० डिसेंबर

आता थांबणं बोलण्याहून लांबू लागलं आहे. म्हाळू एक वाक्य बोलतो आणि मग इतका वेळ उभा राहतो की बाहेरच्या बैलांच्या घंटा ऐकू येतात. कोणी खोकत नाही. मग एकदम तिघेही हसतात, अंजना सगळ्यांत आधी. मी कोपऱ्यात वही घेऊन बसलेला असतो आणि परगावच्या लग्नात चुकून शिरल्यासारखं मला वाटतं.

आज म्हाळूची काठी नेहमीपेक्षा जोरात फिरली. तो थबकला, वाकला आणि हलकेच म्हणाला, "लागलं का बे?" थोडं थांबून म्हणाला, "बरं झालं." आणि पुढचं वाक्य घेतलं. धोंडीराम तलवार घेऊन येताना त्या जागेला वळसा घालून येतात. मी सांगितलं की सरळ मधून या, प्रवेश लांबतो. ते म्हणाले, "मदून कसं येऊ?"

हे लिहिताना मी दोनदा उठून दाराची कडी पाहून आलो. पण ती हसते आहे. तिच्या गालांवर रंग आला आहे. मी काय करू? तालीम बंद करू?

नाही करणार.

१५ डिसेंबर

आज लख्ख उमगलं. साहेब पंचवीसला येतील, पहिल्या रांगेत बसतील, आणि त्यांना काय दिसेल? माझी बायको रिकाम्या हवेकडे बघून खदाखदा हसते आहे. बोलत नाही आणि हवेला हसते! मग मुदत वाढवून मागायला तोंड कुठे राहील? त्याच संध्याकाळी तिला दमणीत बसवतील.

म्हणजे त्या जागेत माणूस हवा. हसायला समोर काहीतरी हवं. दुसरं कोणी उभं राहत नसेल तर मी राहीन. माझाच फार्स, मला सगळा पाठ आहे.

रीत म्हणून सटवाच्या घरी गेलो. त्याची बायको छबुबाई दारात दोर वळत बसली होती. मी म्हणालो, बाई, गाढवीचं सोंग मला द्या.

"मला कावून इचारता, मास्तर? त्येलाच इचारा की. तुमच्याच शाळंत तर असतोय."

"कोण?"

"ज्येची जागा हाय त्यो." तिने दोराला पीळ दिला. "त्येनंच केलं असतं वो यंदा बी, लई हौस त्येला. पर आता त्येचं हात रिकामं न्हाईत."

दुःखाने माणसाचं चित्त ठिकाणावर राहत नाही. मी तिला धीराचे दोन शब्द सांगितले. तिने आतून काळी घोंगडी आणून दिली, तिला सटवाने कापडाचे कान शिवले होते. एक कान दुसऱ्याहून लांब आहे. तेवढ्यावरही लोक गेल्या वर्षी हसले होते.

१९ डिसेंबर

धोंडीरामांना बातमी कळली. वाटलं होतं रागावतील, पण ते शांत होते. एवढंच विचारलं, "तुमची जागा कुनाला देऊन चाललाव?"

"कोणती जागा?"

"कोपऱ्यातली. वही धरायची."

मी म्हणालो, वाक्यं मीच लिहिली, मला कोणी पुरवायची गरज नाही. म्हाळूलाही आता सगळं येतं.

"तसं न्हाई मास्तर. दुसऱ्याच्या जागंत जायचं तर आपली जागा कुनाच्या तरी हाती देऊन जावं. उघडी टाकू ने. तुमी त्येला उठवल्याव त्यो बसंल कुटं?"

मला हसू आलं, मग आलं नाही. म्हातारा माझ्याकडे कीव केल्यासारखा बघत होता. मी विषय बदलला आणि देवदूताच्या पंखांचं काय ते विचारलं.

पाटोद्याच्या बाजारातून साहेबांसाठी बिस्किटं आणवली. मिळाली ती मऊ पडलेली.

२४ डिसेंबर

अंजनाला सांगितलं, उद्या गाढवी मी होणार. तिच्या हातातला तांब्या पडला. तिने नाही नाही अशी मान हलवली. माझी बाही धरली. मी म्हणालो, अगं, तुझ्यासाठीच. साहेब तुला घेऊन जातील गं. तिने बाही सोडली. संध्याकाळभर चुलीपुढे बसून होती.

मी तिच्याशिवाय राहू शकणार नाही. हे तिला सांगायला हवं होतं, ते इथे लिहितो आहे.

२६ डिसेंबर, सकाळ

जसं झालं तसं लिहितो. पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

ऊन उतरल्यावर उपासना झाली. मग ओसरीवर कंदील टांगले. साहेब पुढे खुर्चीवर, शेजारी अंजना, मागे मंडळी. कुंपणापलीकडे गावातली माणसंही जमली होती, निजामाच्या या मोगलाईत फुकटचा तमाशा कोण सोडतो? मी घोंगडी पांघरून, कान सारखे करून, हात-गुडघे टेकून रांगत ओसरीवर गेलो. पोरं खिदळली. म्हाळू पाठीवर बसल्याचं सोंग करत म्हणाला, "ऊठ गं, चौसाळ्याचा बाजार मोडायला आला!"

आणि मला काहीच आठवेना. स्वतः लिहिलेलं एक अक्षर आठवेना. घोंगडीत ऊब होती. नुकतंच कोणी उठून गेलं की अंथरुणात असते तशी. मी घामाने भिजलो. म्हाळू थांबला होता. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

तेव्हा कोपऱ्यातून हलक्या आवाजात वाक्य आलं. मी ते तसंच मोठ्याने म्हणालो. "आधी तंबाखू काडा, मालक. मग बाजार."

ओसरी हसण्याने दणाणली. पुढचं वाक्य आलं, तेही म्हणालो. मग पुढचं. एकही माझ्या वहीतलं नव्हतं. राजाविषयी मी काय म्हणालो, देवदूताच्या पंखांना काय म्हणालो, ते इथे लिहवत नाही, पण साहेब रुमालाने डोळे पुसत होते. कोपऱ्यात कोण आहे ते पाहायला मान वळवावी असं फार वाटत होतं. धोंडीराम समोर तलवार घेऊन उभे होते. म्हाळू पाठीशी होता. बाकी सगळे समोर बसले होते. मी मान वळवली नाही. अंजना हसत नव्हती. ती माझ्याकडे बघतच नव्हती, तिचे डोळे माझ्यावरून कोपऱ्याकडे लागले होते.

तिसरी काठी पडली. इथे शास्त्रातलं वचन आहे: मी तुझं काय केलं, म्हणून तू मला तीनदा मारलंस? एवढं तरी मला यायला हवं. नाही आलं. मी कान दिला.

कोपऱ्यातून आवाज आला, "रडा की आता, मास्तर."

आणि त्याच्या मागोमाग आणखी एक बारीक आवाज. तोंडात मूठ घालून लेकरू आपल्याशीच बोलतं तसा. तो आवाज मला माहीत होता. वर्षभर मी त्या आवाजाने जागा झालो होतो.

माझ्या घशातून जे निघालं ते गाढवीचं ओरडणं असं समजून लोक हसले. मी थांबलो नाही. थांबता येत नव्हतं. ओसरीवर कपाळ टेकून, कान लोंबलेल्या घोंगडीत, मंडळीसमोर मी गळा काढून रडलो. हळूहळू हसणं विरलं. मग अंजना उभी राहिली. "कौसू!" ती ओरडली. "कौसू गं! माझी बाई गं!" हे नाव मी या वहीत एकदाही लिहिलेलं नाही. तिने छाती पिटली, केस सोडले, आणि मागे छबुबाईने सूर धरला, म्हाळू काठी टाकून खाली बसला, आणि मग कोण कोणासाठी रडत होतं ते कळेना. या वाडीत रडायला एकाही घराला फुरसत मिळाली नव्हती. कुंपणापलीकडच्या बायाबापड्याही रडल्या.

साहेब माझ्या कानाशी वाकले. "मास्तर, हे नाटकात आहे काय?"

मी म्हणालो, "आहे, साहेब."

पुष्कळ वेळाने म्हाळूने उठून, नाक पुसत, ताऱ्याचं भाकीत म्हटलं. कोणी हललं नव्हतं. फार्स संपला. साहेब अंजनाजवळ गेले तेव्हा तिचा आवाज बसला होता, पण ती स्वच्छ म्हणाली, "साहेब, थंडी पडली आहे. आत या, चहा टाकते." साहेबांनी टोपी काढली. चहा घेतला, मऊ बिस्किटंही खाल्ली. दमणी रिकामीच परत गेली.

२७ डिसेंबर

काल दिवसभर ती झोपली. आज दुपारी उठली, भाकरी केली, आणि मी जेवत असताना आपण होऊन सांगू लागली. 

ती म्हणाली, "पहिल्या तालमीपासून सटवा उभा होता. तुम्हाला का दिसत नव्हता, याचं मला नवल वाटायचं. त्याच्या कडेवर कौसू होती."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"तो एका हाताने तिला धरायचा आणि दुसऱ्या हाताने गाढवीचे कान करून दाखवायचा. ती हसायची. ती हसली की मला हसू यायचं. तिने मला ओळखलं होतं. पदर घेतला की शोधायची मला." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि म्हणाली, "तुम्ही त्या जागेत गेलात तेव्हा दोघं कोपऱ्यात जाऊन बसली, तुमच्या वहीपाशी. तुम्ही रडलात तेव्हा उठली. सटवा माझ्याकडे बघून हसला आणि दोघं कुंपणाच्या दाराने निघून गेली."

मी विचारलं, "मी तिथे गेलो नसतो तर?"

"तर राहिली असती." ती माझ्यावर रागावली नव्हती. "पण मला मग बोलता आलं नसतं. बोलले असते तर ती गेली असती, असं वाटायचं मला. म्हणून गप्प बसायचे."

मी धर्मशिक्षक आहे. अशा गोष्टींवर काय बोलायचं असतं ते मला पाठ आहे, गेली कित्येक वर्षं मी तेच इतरांना सांगत आलो आहे. त्यातलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी एवढंच विचारलं, "नीट होती का?"

"अंगाने भरली होती. पण डोकं उघडं होतं. एवढ्या थंडीत." आणि मग ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मीही रडलो. दुपार अशीच गेली.

३१ डिसेंबर

अंजनाने माझ्या जुन्या फ्लॅनेलच्या बंडीचं टोपडं शिवलं. गळ्याखाली बांधायला बंद लावले, कानांवर जास्तीचा पदर घेतला. शिवताना ती गुणगुणत होती. संध्याकाळी तिने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "छबुबाईकडे देऊन या."

मी का, कोणासाठी, असं काही विचारलं नाही. साहेबांना यातलं काही सांगायचं नाही, एवढं मनाशी ठरवून निघालो. वाटेत म्हाळू भेटला, कुठं निघालाव म्हणाला. मी म्हणालो, जरा काम आहे.

छबुबाई चुलीशी होती. मी दारातूनच टोपडं पुढे केलं. काय सांगायचं ते वाटेत जुळवलं होतं, पण तिने काही विचारलंच नाही. हात पुसून टोपडं घेतलं, उजेडाकडे धरलं, मुठीवर चढवून आतली शिवण बघितली आणि बंद ओढून पाहिले.

"जरा मोठं झालंय," ती म्हणाली. "बरं केलं बाईनं. लेकरू वाडतंय न्हवं."